दुहेरीचा जोडीदार

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात इगतपुरी येथे दिलेले व्याख्यान, स्मरणिकेसाठी शब्दबद्ध केलेले.)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस 'मुलांचे खेळ आणि पालकांचे कर्तव्य' या विषयावर चार शब्द बोलावयास सांगितले. विषय मोठा आहे आणि वारंवार बोलला गेलेलाही आहे. खेळाने शरीर सुदृढ होते, मन प्रसन्न राहते, अंगी शिस्त बाणते, हे आपण सारेच जाणतो. तेच पुन्हा सांगून आपला वेळ घेण्यात आम्हांस स्वारस्य वाटत नाही. म्हणून त्या विस्तीर्ण विषयाचा एकच कोपरा आम्ही आज निवडला आहे. टेनिसच्या खेळात केवळ दुहेरीचे सामने खेळून जो आपले आयुष्य घडवितो, त्या खेळाडूच्या जीवनक्रमाविषयी आम्ही बोलणार आहो.

टेनिसशी आपला काय संबंध, असा प्रश्न येथे बसलेल्या पुष्कळांच्या मनात आला असेल. आमच्या पिढीने लंगडी, हुतूतू, खो-खो आणि आट्यापाट्या खेळल्या. टेनिसची रॅकेट आपल्यापैकी फार थोड्यांनी हाती धरली असेल. परंतु संबंध आहे. तो आपल्या मंडळाच्या साहाय्यनिधीच्या एका नियमाशी आहे. तो कसा, हे व्याख्यानाच्या अखेरीस आपल्या ध्यानात येईल. तोवर थोडा धीर धरावा, ही विनंती.

प्रथम दुहेरी म्हणजे काय, ते सांगतो. टेनिसचे मैदान ७८ फूट लांब असते. एकेरीसाठी त्याची रुंदी २७ फूट धरतात. दुहेरीसाठी दोन्ही कडांना साडेचार फुटांची एकेक पट्टी मोकळी करतात, म्हणजे रुंदी ३६ फूट होते. जागा वाढली ती एक तृतीयांशाने आणि माणसे झाली दुप्पट. त्यामुळे दुहेरीत मोकळी जागा कमी मिळते, चेंडू झपाट्याने परत येतो आणि विचार करावयास क्षणाचाही अवधी राहत नाही. एकेरीत धाव, दम आणि जोर यांचे महत्त्व अधिक. दुहेरीत नजर, हात आणि समजूत यांचे. जागतिक क्रमवारीही दोन्हींची वेगळी ठेवतात. एकेरीत ज्याचे नाव दूरवर कोठे तरी असते, तो दुहेरीत अग्रभागी असू शकतो.

आता लोकांत एक बोलणे रूढ आहे की, 'एकेरीत जमले नाही म्हणून तो दुहेरीत गेला.' हे बोलणे सर्वस्वी खोटे नाही. रोहन बोपण्णा हा कूर्गचा खेळाडू एकेरीत पहिल्या दोनशेंत कधीच आला नाही. त्याच्या गुडघ्यांची झीज झाली होती. पुण्याच्या योगाचार्य अय्यंगारांच्या पद्धतीने योगाभ्यास करून त्याने ते गुडघे सांभाळले. जानेवारी २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू एब्डेनसह त्याने ऑस्ट्रेलियन स्पर्धेत पुरुष दुहेरीचे अजिंक्यपद मिळविले आणि वयाच्या ४३ व्या वर्षी तो दुहेरीत जगात पहिला झाला. इतक्या वयात प्रथमच त्या स्थानी पोहोचलेला दुसरा खेळाडू तोवर झाला नव्हता. सानिया मिर्झा एकेरीत २००७ साली सत्ताविसाव्या क्रमांकापर्यंत गेली होती. मनगटाच्या व इतर दुखापतींनी तिची वाट अडविली. २०१३ पासून तिने एकेरी सोडली आणि एप्रिल २०१५ मध्ये ती दुहेरीत जगात पहिली आली. हा मान मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री. स्वित्झर्लंडच्या मार्टिना हिंगीससमवेत तिने लागोपाठ ४१ सामने जिंकले. तेव्हा एकेरीचे दार बंद झाले म्हणून घर संपले असे होत नाही, एवढे तरी मान्य करावे लागेल.

ही झाली जगप्रसिद्ध माणसे. आम्हांस आज ज्या खेळाडूविषयी विशेष सांगावयाचे आहे, ती आपल्यासारख्याच एका तालुक्याच्या गावची मुलगी आहे. तिचे नाव प्रार्थना ठोंबरे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी हे तिचे गाव. आपल्यातील जुन्या रेल्वे कामगारांना बार्शी म्हटले की अरुंद रुळांची 'बार्शी लाइट' आठवेल. भाविकांना भगवंताचे मंदिर आठवेल. टेनिसचे नाव काढल्यावर मुंबईची जिमखाने आठवतात, पुण्याची मैदाने आठवतात, बार्शी कोणास आठवत नाही. अशा गावात १८ जून १९९४ रोजी जन्मलेली ही मुलगी लहानपणीच रॅकेट घेऊन उभी राहिली. पुढे तिने हैदराबादेस सानिया मिर्झाच्या अकादमीत सराव केला.

एकेरीत तिने प्रयत्न केले नाहीत असे नाही. परंतु तिचा खेळ फुलला तो जोडीत. २०१४ साली दक्षिण कोरियातील इंचॉन येथे आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. त्या वेळी प्रार्थना वीस वर्षांची होती. सानियाची जोडीदार म्हणून तिची निवड झाली. उपान्त्य फेरीत या जोडीस चिनी तैपेईच्या जोडीकडून हार पत्करावी लागली, तीही निर्णायक टायब्रेकपर्यंत झुंजून. उपान्त्य फेरी गाठल्यामुळे दोघींच्या गळ्यात कांस्यपदक पडले.

दोन वर्षांनी ऑलिंपिक आले. तेथील प्रवेशाचा नियम असा की, दुहेरीच्या क्रमवारीत पहिल्या दहांत असलेल्या खेळाडूस थेट प्रवेश मिळतो आणि आपल्या देशाचा जोडीदार निवडण्यास तिला मोकळीक असते. मात्र त्या जोडीदाराची क्रमवारीही ठरावीक मर्यादेच्या आत असावी लागते. सानिया तेव्हा अव्वल होती आणि प्रार्थना दोनशेच्या आसपास होती. म्हणजे रिओचे दार सानियाच्या क्रमांकामुळे उघडले, हे खरे. परंतु त्या दारातून आत जाण्याइतकी क्रमवारी प्रार्थनेने लहान लहान गावांच्या स्पर्धा खेळून स्वतः मिळविली होती, हेही तितकेच खरे. कोणी हात दिला तरी तो धरावयास आपला हात तेथवर पोहोचावा लागतो.

ऑगस्ट २०१६ मध्ये रिओ येथे पहिल्याच फेरीत या जोडीसमोर चीनच्या पेंग श्वाय आणि झांग श्वाय उभ्या राहिल्या. पेंग ही पूर्वी दुहेरीत जगात पहिली राहिलेली, विम्बल्डन आणि फ्रेंच स्पर्धा जिंकलेली खेळाडू. झांगनेही पुढे दुहेरीच्या ग्रँड स्लॅम स्पर्धा जिंकल्या. पहिला सेट टायब्रेकमध्ये गेला. दुसरा भारतीय जोडीने ७-५ असा ओढून आणला. तिसरा ५-७ असा हातचा गेला. पावणेतीन तासांच्या आसपास हा सामना चालला. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत 'पहिल्या फेरीत पराभूत' एवढेच शब्द उमटले. आम्ही मात्र त्या आकड्यांकडे पुन्हा पुन्हा पाहिले. जगातील एका निष्णात जोडीसमोर बार्शीची मुलगी तिसऱ्या सेटच्या बाराव्या गेमपर्यंत उभी होती. शाळेत गणिताच्या उत्तरपत्रिका तपासताना आम्ही उत्तर चुकले तरी रीत बरोबर असल्यास गुण देत असू. ज्यांना केवळ शेवटची ओळ वाचावयाची सवय लागली आहे, त्यांना असल्या सामन्याचे मोल कसे कळावे?

त्यानंतरही ती खेळत राहिली. एप्रिल २०२५ मध्ये पुण्याच्या बालेवाडी येथे बिली जीन किंग चषकाची आशिया-ओशनिया गटाची फेरी झाली. भारतीय स्त्रियांचा संघ न्यूझीलंडच्या पाठोपाठ दुसरा येऊन पुढील फेरीस पात्र ठरला. त्या संघात एकतिशीच्या उंबरठ्यावर असलेली प्रार्थना दुहेरीची खेळाडू म्हणून होती. इंचॉनपासून हिशेब केला तर अकरा वर्षे झाली. एवढा काळ जोडीदार म्हणून उभे राहणे ही लहान गोष्ट नव्हे.

आता जोडीदाराचे काम नेमके काय, ते पाहू. कारण आमच्या बोलण्याचा गाभा त्यात आहे. दुहेरीत एक खेळाडू मागील रेषेवरून सर्व्हिस करतो. त्याचा जोडीदार जाळ्यापाशी, प्रतिपक्षाच्या तोंडासमोर उभा असतो. सर्व्हिस कोणीकडे पडणार आणि आपण कोणीकडे सरकणार, हे तो पाठीमागे हात नेऊन बोटांनी खुणावतो. सर्व्हिस करणाऱ्याने ती खूण पाळावयाची असते. प्रतिपक्षाने चेंडू परत केला की जाळ्यापाशी असलेल्याने झेप घेऊन तो तेथेच टिपावयाचा. टाळ्या पडतात त्या टिपणाऱ्यास. परंतु नेमक्या जागी सर्व्हिस पडली नसती, तर टिपण्याजोगा चेंडू आलाच नसता. उलट, जाळ्यापाशी जो नुसता उभा आहे, एकाही चेंडूस ज्याने स्पर्श केला नाही, त्याच्या धाकानेही प्रतिपक्ष चेंडू बाहेर मारून बसतो. तो गुण कोणाच्या नावे मांडावा? म्हणूनच दुहेरीचा गुणफलक दोघांचा एकच असतो.

दुसरी गोष्ट मधल्या चेंडूची. दोघांच्या बरोबर मधून येणारा चेंडू जोडीची खरी परीक्षा पाहतो. दोघेही धावले तर रॅकेटवर रॅकेट आदळते. दोघांनीही 'त्याचा असेल' म्हणून सोडला तर चेंडू मधून निघून जातो. चांगली जोडी खेळापूर्वीच ठरवून ठेवते आणि ऐन वेळी 'माझा' किंवा 'तुझा' असे मोठ्याने ओरडते. ज्या घरात वृद्ध आईवडिलांचे औषधपाणी 'थोरला पाहील' आणि 'धाकटा पाहील' यांच्या मधून निघून जाते, त्या घराने हा खेळ अवश्य पाहावा.

तिसरी गोष्ट, चूक झाल्यानंतरची. प्रत्येक गुणानंतर, तो जिंकला असो वा गमावलेला असो, दोघे जवळ येतात, तळहाताला तळहात लावतात, दोन शब्द बोलतात आणि पुन्हा आपापल्या जागी जातात. ज्याने आत्ताच सोपा चेंडू जाळ्यात मारला, त्याच्याकडे जोडीदाराने डोळे वटारले, तर पुढचा चेंडूही जाळ्यात जातो. दूरचित्रवाणीवर हे सामने पाहताना आम्हांस नेहमी वाटत आले की, प्रगतिपुस्तक हाती घेतलेल्या बापाने निदान एकदा तरी हा तळहात पाहावा.

परंतु या जीवनक्रमाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे; नाही तर आम्ही मुलांची आणि पालकांची फसवणूक केली असे होईल. दुहेरीत पैसा कमी. २०२४ सालच्या विम्बल्डनमध्ये एकेरीच्या विजेत्यास २७ लाख पौंड मिळाले. दुहेरीच्या विजयी जोडीस दोघांत मिळून ६ लाख ५० हजार पौंड होते. हा झाला शिखरावरचा हिशेब. पायथ्याशी ज्या स्पर्धा असतात, त्यांतील सर्वांत लहान स्पर्धेची एकूण बक्षिसे १५ हजार डॉलरांची असतात आणि ती एकेरी-दुहेरीच्या सर्व खेळाडूंत वाटली जातात. तेथे दुहेरी जिंकणाऱ्या जोडीस दोघींत मिळून हजार डॉलरांच्या आतबाहेर रक्कम पडते. विमानाचे भाडे, राहणे, जेवण, रॅकेटच्या तारा, मार्गदर्शकाचे वेतन हे सारे त्यातून भागवावयाचे. पहिल्या फेरीत हरले तर खिशातले जाते.

शिवाय जोडीदार मिळविण्याची विवंचना निराळीच. स्पर्धेत प्रवेश मिळतो तो दोघांच्या क्रमवारीच्या बेरजेवर. एकाचा क्रमांक घसरला की दुसऱ्याचेही दार बंद होते. पुष्कळ स्पर्धांत एकेरीच्या क्रमवारीवरही दुहेरीत नाव घालता येते, त्यामुळे एकेरीचे बडे खेळाडू येऊन जागा अडवितात. आज एक जोडीदार, पुढील आठवड्यात दुसरा, महिन्याने तिसरा, असा पुष्कळांचा क्रम चालतो. अनोळखी माणसाशी दोन दिवसांत समजूत जुळवावयाची आणि तिसऱ्या दिवशी सामन्यास उभे राहावयाचे, हा या व्यवसायाचा नित्यनेम आहे.

आणि जुळलेल्या जोड्या तुटतात, हेही खरे. ज्याचे घराणे गोव्याचे तो लिअँडर पेस आणि महेश भूपती यांनी १९९९ साली चारही ग्रँड स्लॅम स्पर्धांची अंतिम फेरी गाठली आणि त्यांपैकी फ्रेंच व विम्बल्डन जिंकल्या. त्या वर्षी जगात त्यांच्या तोडीची जोडी नव्हती. पुढे दोघांची मने दुभंगली. २००४ साली अथेन्सला ते पुन्हा एकत्र उभे राहिले. कांस्यपदकाच्या सामन्यात क्रोएशियाच्या जोडीकडून तिसऱ्या सेटमध्ये १४-१६ असे हरले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी कोणी कोणाबरोबर खेळावे यावरून जो वाद माजला, तो आपणांपैकी अनेकांनी वृत्तपत्रांत वाचला असेल. अखेर भारताने दोन जोड्या पाठविल्या आणि दोन्ही दुसऱ्या फेरीत परतल्या. त्या चौघांपैकी कोणाच्याही हातातील कसब कमी नव्हते. समजूत गेली, तेथे कसब पुरे पडले नाही.

याच्या उलट उदाहरण ऋतुजा भोसले हिचे. ही श्रीरामपूरची मुलगी. अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकत असता तिने तेथील संघातून टेनिस खेळले. ३० सप्टेंबर २०२३ रोजी चीनमधील हांगझौ येथे आशियाई स्पर्धेच्या मिश्र दुहेरीच्या अंतिम सामन्यात ती बोपण्णाबरोबर उभी होती. पहिला सेट २-६ असा गेला. अशा वेळी अनुभवी जोडीदाराने कपाळास आठ्या घातल्या असत्या तर सामना तेथेच संपला असता. दुसरा सेट ६-३ असा आला आणि निर्णायक टायब्रेक १०-४ असा जिंकून या जोडीने सुवर्णपदक मिळविले. तिची पहिल्या सेटमधील अडखळ आज कोणाच्या स्मरणातही नाही.

आपल्या जिल्ह्याचेही एक उदाहरण आहे, ते टेनिसचे नसले तरी याच अर्थाचे आहे. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही येथील दत्तू भोकनळ हा नौकानयनपटू २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या नौकेत उतरला होता. २०१८ साली जकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत एकट्याच्या शर्यतीत पदकाने त्यास हुलकावणी दिली. दुसऱ्याच दिवशी चौघांच्या नौकेत स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्या जोडीने त्याने वल्ही मारली आणि सुवर्णपदक घेतले. आदल्या दिवशी जो हरला होता, त्याच्याच हातांनी ते पदक आले.

आपण तर इगतपुरीची माणसे. थळ घाटाचा रेल्वेमार्ग १८६५ साली खुला झाला, तेव्हापासून घाटाचा चढ काय असतो हे या गावास कोणी शिकवावयास नको. दर ३७ फुटांस एक फूट असा तो चढ आहे. कसाऱ्यास गाडीच्या मागे बँकर इंजिने लागतात, ती गाडीस रेटीत रेटीत येथवर आणतात आणि इगतपुरीस सुटून पुन्हा कसाऱ्याकडे उतरतात. गाडी मनमाडकडे निघून जाते. डब्यावरील फलकावर गाडीचे नाव असते, बँकरचे नसते. आत झोपलेल्या प्रवाशास तो कधी लागला आणि कधी सुटला, हे ठाऊकही नसते. परंतु या गावातील कित्येक कुटुंबांचा संसार या इंजिनांच्या चाकरीवर उभा राहिला आहे आणि बँकर नसता तर गाडी कसाऱ्यालाच राहिली असती, हे त्यांच्या लेकरांनाही कळते. जे आपणांस रुळांवर कळते, ते आपल्या मुलांच्या बाबतीत का कळू नये?

आता मूळ मुद्द्यावर येतो. आपल्या साहाय्यनिधीच्या नियमावलीत क्रीडाविषयक साहाय्य 'वैयक्तिक प्रकारात प्रथम क्रमांक' मिळविणाऱ्या पाल्यासच द्यावे, असे कलम आहे. ज्यांनी ते घातले त्यांचा हेतू चांगला होता. निधी अल्प, मागणारे पुष्कळ. कोठे तरी रेषा ओढणे भाग होते. परंतु त्या रेषेने काय केले, ते पाहा. गेल्या वर्षी आपल्याच ज्ञातीतील एका शाळकरी मुलीचा अर्ज आला होता. ती बॅडमिंटनची दुहेरी खेळत असे आणि आंतरशालेय स्पर्धेत तिची जोडी उपविजेती ठरली होती. पुढील शिबिरास जाण्यासाठी तिने प्रवासखर्च मागितला होता. अर्ज परत गेला. कारणे तीन सांगितली गेली. प्रकार वैयक्तिक नाही, हे पहिले. क्रमांक पहिला नाही, हे दुसरे. तिसरे कारण कागदावर आले नाही, चर्चेत मात्र आले: तिची जोडीदार आपल्या ज्ञातीची नाही, तेव्हा आपल्या पैशाचा अर्धा लाभ बाहेर जाईल. यंदा त्या मुलीचे दहावीचे वर्ष आहे. तिची रॅकेट माळ्यावर गेली, असे तिच्या आईकडून आम्हांस कळले. आम्ही तिचे नाव येथे घेत नाही, कारण नाव घेऊन तिला संकोच होईल आणि कोणाचेही हित होणार नाही.

या तिन्ही कारणांस आमचे उत्तर एवढेच आहे. वैयक्तिक नाही म्हणून जे मोजावयाचे नाही, त्यात ऋतुजेचे सुवर्णपदकही मोजता येणार नाही. पहिला क्रमांक नाही म्हणून जे टाकावयाचे, त्यात प्रार्थनेचे कांस्यपदकही टाकावे लागेल. आणि जोडीदार परका म्हणाल, तर सानिया मुंबईत जन्मली, हैदराबादेत वाढली, प्रार्थना बार्शीची, दोघींचे धर्मही निराळे. जोडी जुळली ती खेळावर. बोपण्णा तर पाकिस्तानच्या ऐसाम-उल-हक कुरेशीबरोबर कैक स्पर्धा खेळला आणि २०१० साली ते दोघे अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचले. ज्या दोन देशांचे आपसांत कधी पटले नाही, त्यांची दोन माणसे जाळ्याच्या एकाच बाजूस उभी राहू शकतात. मग शेजारच्या आळीतील दोन मुलींच्या जोडीविषयी आपण विचारात का पडावे?

ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून हे बोलणे काहींना विसंगत वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. आपली मंडळे निघाली ती गरजूंना हात देण्यासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी, परगावी गेलेल्यांच्या निवाऱ्यासाठी. आपल्या माणसास पुढे नेणे हे त्यांचे कर्तव्यच होय. परंतु आपले मूल ज्या जगात पुढे जाणार आहे, तेथे त्याचा जोडीदार आपण ठरविणार नाही. कचेरीत, कारखान्यात, इस्पितळात, सैन्यात त्याच्या शेजारी जो उभा असेल, त्याच्याशी समजूत जुळविण्याचे शिक्षण त्याला आजच मिळाले पाहिजे. ते शिक्षण देणाऱ्या खेळास आपण पैसा नाकारला, तर आपल्याच मुलास मागे ठेवल्यासारखे होईल.

काही वडील मंडळी म्हणतील, 'दुसऱ्यासही बक्षीस, तिसऱ्यासही साहाय्य, मग पहिल्याने धडपड तरी का करावी?' आक्षेप विचार करण्याजोगा आहे. पहिल्याचा मान आम्ही कमी करू इच्छीत नाही. रौप्यपदक, शाल, टाळ्या, सारे त्यास द्यावे. परंतु गुणगौरव निराळा आणि साहाय्य निराळे. गौरव झालेल्या कामाचा असतो, साहाय्य पुढे होणाऱ्या कामासाठी असते. जो पहिला आला आहे त्याची वाट पुष्कळदा आपोआप मोकळी होते. जो दुसरा आहे, ज्याचे अजून होऊ घातले आहे, त्यालाच घाटात इंजिनाची गरज असते.

मुलींच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. मुलगा हरला तर 'पुढच्या वर्षी' म्हणतात. मुलगी हरली तर 'आता पुरे' म्हणतात. प्रार्थना रिओत हरली तेव्हा बावीस वर्षांची होती. त्या दिवशी तिने 'पुरे' म्हटले असते तर २०२५ चा बालेवाडीचा संघ तिला मुकला असता. आमच्या शिक्षकी पेशात अशा कित्येक मुली आम्ही पाहिल्या, ज्या आठवीत मैदान गाजवीत होत्या आणि दहावीत मैदानाच्या कडेने मान खाली घालून जात होत्या. त्यांच्या पायांतील बळ गेले नव्हते. घरातून कोणी 'जा' म्हणाले नव्हते, इतकेच.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे आम्ही तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, साहाय्यनिधीच्या कलमातून 'वैयक्तिक' आणि 'प्रथम क्रमांक' हे शब्द काढावेत व जोडीच्या आणि सांघिक खेळांतील पाल्यांचे अर्जही, त्यांची चिकाटी आणि गरज पाहून, विचारात घ्यावेत. दुसरी, गुणगौरव समारंभात जोडीने यश मिळविणाऱ्या पाल्याबरोबर त्याच्या जोडीदारासही, तो कोणत्याही समाजाचा असो, सन्मानाने बोलवावे आणि दोघांच्या हाती सारखाच नारळ द्यावा. एका नारळाने आपला निधी आटणार नाही. तिसरी, परगावी स्पर्धेस जाणाऱ्या मुलीबरोबर आई किंवा अन्य वडील बाई गेल्यास तिच्या गाडीभाड्याचा विचार व्हावा. पुष्कळ मुलींचा खेळ याच एका अडचणीने थांबतो, हे येथील मातांना सांगावयास नको.

आणि पालकांस एक विनंती. आपले मूल सामना खेळून घरी आले की 'कितवा आलास?' हा प्रश्न थोडा मागे ठेवावा. आधी 'तुझ्या जोडीदाराचे कसे झाले?' असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर देताना मुलाच्या तोंडी 'आम्ही' हा शब्द येतो की 'मी' हा शब्द येतो, ते ऐकावे. 'आम्ही' आला, तर शिक्षण होत आहे असे समजावे.

येथे आम्ही आपले बोलणे पुरे करतो.  तिन्ही सूचनांवर उद्याच्या सर्वसाधारण सभेत चर्चा व्हावी, अशी अध्यक्षमहाशयांस प्रार्थना आहे. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि उन्हाळी शिबिरे एप्रिलमध्ये सुरू होतात. ती माळ्यावरची रॅकेट खाली काढावयास अजून अवकाश आहे.